वरच्या खोलीचं बिल

"काका, टेप ताणून धरा. अजून जरा. हां, बस."

मार्चची अखेर, दुपारचे बारा, आणि आमचे हे गच्चीवर अनवाणी उभे! हातात टेपचं टोक, डोक्याला नोकरीतला जुना लाल रुमाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला वाटावं, घरात लग्न निघालंय. मी जिन्याच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी होते. त्याच्या पुढं पाऊल टाकायची माझी छाती नव्हती.

"अहो, निदान चपला तरी घाला! तळपाय भाजतील."

"छत्तीस वर्षं इंजिनात उभा होतो मी," हे तिकडूनच ओरडले. "तुझ्या ह्या गच्चीला काय घाबरतो?"

"इंजिनात बूट होते पायात!"

टेपचं दुसरं टोक धरलेले सपकाळे गालातल्या गालात हसले. सपकाळे म्हणजे सोलर बसवून देणारे इंजिनियर. चाळिशीचा, सरळ बोलणारा माणूस. मोबाइलमधल्या होकायंत्रावर दक्षिण कुठली ते त्यांनी पाहिलं, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते खडूनं आखलं, आणि आम्ही खाली आलो. माठातलं पाणी दोन तांबे प्याल्यावर त्यांनी विजेची बिलं मागितली. ह्यांनी वर्षाची बारा बिलं तारखेवार लावून, टाचणी मारून तयारच ठेवली होती.

सपकाळ्यांनी बिलं चाळली आणि कपाळाला हात लावला.

"काका, महिन्याला नव्वद युनिट? राहतं कोण ह्या घरात?"

"मी आणि ही."

"मग कशाला सोलर? तुम्ही सांगताय ते तीन किलोवॅटचं बसवलं तर महिन्याला साडेतीनशे युनिट बनतील. तुम्ही वापरणार नव्वद. उरलेली वीज कंपनीला जाईल आणि वर्षाच्या शेवटी तिचे जे पैसे मिळतील त्यात तुमचा महिन्याचा चहासुद्धा निघायचा नाही. घातलेला पैसा फिटायला पंधरा वर्षं लागतील."

"पंधरा वर्षांनी मी त्र्याऐंशीचा," हे म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. नाही परवडत."

मला तो माणूस एकदम आवडला. पण आमच्या ह्यांचं नाव एकनाथ फालक. मेल गाडीचे ड्रायव्हर होते. सिग्नल मिळाला नाही म्हणून गाडी थांबवतील, पण परत फिरवणार नाहीत. ते पुढं सरसावून बसले.

"घरात माणसं वाढणार आहेत, सपकाळे. वरच्या खोलीत एसी बसवतोय. उन्हाळाभर चालणार तो. मुलगा, सून, नात यायची आहेत महिनाभर."

"मग असं करा. एसी घ्या, दोन महिने वापरा. बिल चढलं तर मला बोलवा. बिल चढल्याशिवाय मी तुम्हाला पॅनल विकणार नाही," असं म्हणून सपकाळे उठले.

त्या बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलं. पण ह्यांच्या कानात शिरलं ते एवढंच, की बिल चढलं पाहिजे.

आता नातीचं सांगते. आमचा एकुलता एक हेमंत बेंगळूरला. त्याची बायको अपर्णा पुण्याची, शिकलेली, कमी बोलणारी. त्यांची ईरा. ईरा पाच वर्षांची असताना तिघं मे महिन्यात आली होती. आमचं भुसावळ तुम्हाला माहीत असेल, मे महिन्यात सत्तेचाळीसपर्यंत पारा जातो, आणि त्या वर्षी तर दिवसाचे सहा-सहा तास वीज नसायची. दुसऱ्याच दिवशी पोरीचा घोळणा फुटला. नाकातून धार लागली, फ्रॉकवर सगळं रक्त. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं परत गेली. त्यानंतर दिवाळीला यायची, पण दोन दिवस, पाहुण्यांसारखी. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधीच नाही. दर वर्षी हे एप्रिलमध्ये फोन करायचे आणि दर वर्षी हेमंत तेच सांगायचा, "बाबा, अपर्णा म्हणते ईराला तिकडचं ऊन सोसत नाही."

हे फोन ठेवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. पोरीचं रक्त आलं होतं ना." मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. अशी चार वर्षं गेली. पाचवं लागलं तेव्हा ह्यांनी ठरवलं की उन्हावरच उपाय करायचा.

एसी आला. खोलीला रंग दिला, खिडक्यांना जाड पडदे लावले. आणि एक एप्रिलला ह्यांनी वरच्या खोलीच्या दाराला चक्क टाइमटेबल चिकटवलं. जुन्या सवयीनं चोवीस तासांच्या घड्याळात. एसी सुरू १२.१०, बंद १६.४०. पंखा २१.०० ते ०५.३०. गीझर सकाळी ०६.१५, अर्धा तास. बरं, ह्या सगळ्यात माणूस कोण? कुणी नाही! रिकाम्या खोलीत एसी चालायचा, रिकाम्या खोलीत पंखा फिरायचा, एप्रिल महिन्यात गीझर तापायचा आणि आपोआप थंड व्हायचा. संध्याकाळी हे मीटरपाशी जाऊन आकडा वहीत टिपायचे आणि खूश होऊन सांगायचे, "आज अकरा गेले!"

"अहो, लोक बिल कमी यावं म्हणून जिवाचं रान करतात. तुम्ही वाढवायला बसलात? डोकंबिकं फिरलंय का?"

"तुला नाही कळायचं. बिल चढलं की सोलर परवडतं."

"आणि सोलर परवडलं की बिल उतरतं. मग आधी चढवायचं कशाला?"

ह्यांनी नुसती वही मिटली. पण बारा दहा झाले की हे जिना चढणार म्हणजे चढणार. माझा जीव नुसता तुटायचा. घरात दिवा एक मिनिट जास्त जळला तर मला चैन पडत नाही, आणि इथं रिकाम्या पलंगाला थंड हवा घालायची!

एकदा रागानं मी एसी बंद करायलाच वर गेले. दार उघडलं तर गार झुळूक अंगावर आली. खोलीत अंधार, पलंगावर धुतलेली चादर, आणि एसीची ती बारीक घरघर. बाहेर शिसं वितळेल असं ऊन, आणि इथं असं. मी बटणाकडं गेले आणि माझा हात काही उचलेना. वाटलं, पोर पांघरूण घेऊन इथं झोपली असती. हळूच दार लावून घेतलं, आवाज न करता. कुणासाठी आवाज केला नाही, देव जाणे.

शेजारच्या बऱ्हाटेबाईंची खिडकी आमच्या वरच्या खोलीसमोर. एसीचं पाणी त्यांच्या भिंतीशी ठिबकायचं. एप्रिलच्या मध्याला त्या कैरीच्या पन्ह्याची किटली घेऊन दारात.

"फालककाकू, मुलं आली वाटतं? एसीचा आवाज येतो ना दुपारी."

मी तोंड उघडलं ते 'नाही हो' म्हणायला. बाहेर पडलं ते वेगळंच.

"आली ना. झोपलीत वर."

"नातही आली?"

"हो तर! दमलीय प्रवासानं."

बऱ्हाटेबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग उठवू नका बाई. उठली की द्या तिला हे," आणि पायरी न वाजवता गेल्या. मी किटली घेऊन वळते तर मागं हे उभे. सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार, कारण खोटं बोलणं त्यांना मुळीच खपायचं नाही. पण ह्यांनी किटली माझ्या हातातून घेतली. दोन पेल्यांत पन्हं ओतलं. जरा वेळानं तिसऱ्या पेल्यात ओतलं आणि तो झाकून फ्रिजमध्ये ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, "पोरगी घरात आहे आणि तिचा आवाज कसा येत नाही, असं त्या विचारतील. काय सांगशील?"

मला रडूच कोसळलं. असं कधी मी ह्यांच्यासमोर रडत नाही. माझं तोंड तिखट म्हणून साऱ्या कॉलनीत नाव, माझ्यापुढं भाजीवाला भाव वाढवायला धजत नाही. त्या दिवशी मात्र पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात बसले.

त्याच संध्याकाळी ह्यांनी हेमंतला फोन लावला. स्पीकर सुरू केला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"हेमंत, एसी बसवलाय बरं का. वरची खोली आता महाबळेश्वर आहे नुसती. आणि सोलर बसवतोय, म्हणजे बिलाची काळजी नाही. ईराला घेऊन या महिनाभर."

"काय सांगता बाबा! अहो, कशाला एवढा खर्च?" पण पोराचा आवाज फुलला होता, आईला कळतं ते. "थांबा, अपर्णाला विचारून उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी फोन आला, तो पडलेल्या आवाजात. "बाबा, अपर्णा म्हणते, वीज गेली की एसीचा काय उपयोग? पुन्हा तेच व्हायचं."

"मुद्दा आहे पोरीचा," हे म्हणाले, आणि फोन ठेवून थेट सपकाळ्यांना बोलावणं.

सपकाळ्यांनी एप्रिलचे आकडे पाहिले, टाइमटेबल पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली. ते म्हणाले, "काका, वीज गेली की साधं सोलरही बंद पडतं, ऊन कितीही असो. वीज गेल्यावर एसी चालवायचा तर बॅटरी लागेल. मग खर्च जवळजवळ दुप्पट. आणि खरं सांगू, आता भुसावळात वीज जाते कितीशी? महिन्यातून दोनदा. त्याच्यासाठी एवढी बॅटरी म्हणजे उधळपट्टी आहे."

"बॅटरीसकट द्या," हे म्हणाले. "सोमवारी पैसे भरतो."

सपकाळे गेले तसं ह्यांनी कपाट उघडलं आणि बँकेची पावती काढली. ती पावती कसली ते मला ठाऊक होतं. माझे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरनं बदलायला सांगितले होते, आणि त्या ऑपरेशनसाठी आम्ही ते पैसे बाजूला टाकले होते. पावती हातात घेऊन हे माझ्यासमोर आले. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी मला बघायला आले होते तेव्हासुद्धा असे अवघडून बसले नव्हते.

"अगं, तुझे गुडघे अजून दोन वर्षं चालतील ना?"

"चालतील की."

"बघ हं. नाही म्हणालीस तर नको."

"चालतील म्हटलं ना!" मी खेकसले. ते हसले आणि सोमवारची वाट बघायला लागले. आणि मला त्या रात्रीपासून अन्न गोड लागेना.

आता खरं सांगते. इतका वेळ मी तुम्हाला घरात जे बोललं जात होतं तेच सांगितलं. पोर घोळणा फुटल्यामुळं गेली, हे ह्यांना माहीत होतं, हेमंतला माहीत होतं. तसं नव्हतं. काय होतं ते दोनच बायकांना ठाऊक होतं. एक अपर्णा. दुसरी मी.

त्या दिवशी सकाळी अकराला वीज गेली होती. हेमंत आणि हे डॉक्टरला आणायला गेलेले. मी पोरीच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला, कांदा हुंगायला दिला. अपर्णा घाबरून पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, "आई, स्टेशनजवळ जनरेटर असलेलं हॉटेल आहे. दोन दिवस तिथं राहतो, दिवसा इकडं येत जाऊ." एवढंच म्हणाली. काय चुकीचं बोलली? पण माझ्या डोक्यात सणक गेली. मी पत्र्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोर वाढवलं, पंखा नसताना, आणि ही माझ्या घरातून हॉटेलात जाणार? लोकांनी काय म्हणावं? मी म्हणाले, "एवढं पातळ रक्त असेल तर पोरीला ह्या घरात आणूच नकोस. असली नाजूक नात आम्हाला नको."

असली नात आम्हाला नको. माझ्या तोंडानं म्हणाले मी. अपर्णानं उलट शब्द काढला नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि आत गेली. डॉक्टर आला, रक्त थांबलं, वीज आली, आणि सकाळी ती गेली. मी वाट बघत होते की आता हेमंतचा फोन येईल, आता तो जाब विचारेल. आला नाही. आलं ते 'ऊन सोसत नाही'. सून मला झाकत होती, आणि मी चार वर्षं त्या झाकणाखाली आरामात बसले होते. ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. आता हा भोळा माणूस माझ्या जिभेवरचा उपाय म्हणून गच्चीवर बॅटरी चढवायला निघाला होता.

शुक्रवारी दुपारी हे बँकेत चौकशीला गेले. मी कठड्याला धरून वर गेले, त्या रिकाम्या गार खोलीत पलंगावर बसले आणि अपर्णाला फोन लावला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अपर्णा, ईराला ऊन सोसत नाही, हे खरं कारण नव्हतं ना गं?"

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी बोलले होते ते तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"नाही."

"हेमंतलाही नाही?"

"त्याला सांगितलं असतं तर तो तुमच्याशी बोलायचा बंद झाला असता, आई. तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे. त्यात मला काय मिळालं असतं?"

"माझं चुकलं गं. फार वाईट बोलले मी. चार वर्षं रोज आठवतंय, आणि रोज गिळतेय. मला माफ कर."

ती म्हणाली, "मला म्हणाला असतात तर मी कधीच विसरले असते, आई. सासू रागावली, संपलं. पण ते ईरानं ऐकलं होतं. कडेवर होती ना माझ्या. तिला अजून वाटतं, आजीला ती नको आहे. दिवाळीला तुमच्याजवळ येत नाही, माझ्या मागं मागं असते, ते कशामुळं असं वाटलं तुम्हाला?"

मला वाटायचं, पोर लाजरी आहे. आईवर गेली आहे.

"तिला दे," मी म्हणाले. "तिलाच सांगते."

"शाळेला सुट्टी आहे, घरीच आहे. पण नीट बोला हं आई." सुनेनं मला असं बजावावं, आणि मी लहान मुलीसारखं "हो" म्हणावं! ईरा फोनवर आली. नऊ वर्षांची. आवाज किती मोठा झाला होता.

"ईरा, मी आजी. तू लहान होतीस तेव्हा मी एक खूप वाईट बोलले होते. तुला आठवतं का?"

"हो."

"ते खोटं होतं बाळा. आजी रागाच्या भरात खोटं बोलली. मला तूच हवी आहेस. तुझ्यासाठी आजोबांनी खोली केली आहे, मी आत्ता तिथंच बसले आहे. येशील का गं?"

पोर हळूच, मला पटवून द्यावं तसं म्हणाली, "आजी, आता माझ्या नाकातून रक्त येत नाही. कधीच नाही येत."

मी फोन तोंडापासून लांब धरला. ती पोर मला सांगत होती की मी आता चालेन तुला. नाजूक नाही राहिले. "येऊ दे गं बाळा, आलं तरी येऊ दे," एवढंच मला बोलता आलं. तिनं फोन आईला दिला.

अपर्णाचाही आवाज ओला होता. "आई, येतो आम्ही. पण बाबांना हे सांगणार आहात का?"

"सांगते. आजच सांगते. ते तिकडं सोलरच्या बॅटरीसाठी माझ्या ऑपरेशनची पावती मोडायला बसलेत."

"नका सांगू."

"अगं, का?"

"चार वर्षं मी सगळ्यांना ऊन म्हणून सांगितलं. आता ते नव्हतंच म्हटलं तर मी हेमंतपुढं खोटी पडेन, तुम्ही बाबांपुढं वाईट व्हाल. कुणाचं काय भलं होणार त्यातून? त्यांना सोलर बसवायचंय ना? बसवू द्या. सोलर झालं म्हणून आलो असं म्हणू. फक्त ती बॅटरी रद्द करायला लावा. मी हेमंतला सांगते की वीज आता जात नाही असं आई म्हणाल्या."

बघा, चार वर्षं मी जिला तोंड दाखवायला कचरत होते, तिनं पाच मिनिटांत माझी लाज राखली आणि माझे गुडघेही वाचवले. अशी सून मला मिळाली होती आणि मी तिला हॉटेलावरून बोलले होते.

हे घामानं निथळत परत आले तेव्हा मी दारातच सांगितलं, "अहो, अपर्णाचा फोन होता. येताहेत. सोलर बसवा म्हणाली, बॅटरी नको म्हणाली."

"येताहेत?"

"वीस मेला."

ते मटकन खुर्चीत बसले. रुमालानं तोंड पुसलं, परत पुसलं. मग मला म्हणाले, "बघ! मी काय म्हणत होतो? उपाय केला की होतं. तू मला येड्यात काढत होतीस." मी म्हणाले, "हो बाई, चुकले मी." 'मी चुकले' असं मला म्हणताना ते पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून चकित झाले.

पॅनल चढले. पण ते सुरू करायला लागतं ते नवं मीटर काही आलं नाही. दीड महिना वीज कंपनीच्या ऑफिसचे हेलपाटे घालावे लागले. ईरा आली, बारा दिवस राहिली, माझ्या कुशीत झोपली, आजोबांबरोबर स्टेशनवर इंजिनं बघून आली, आणि एवढ्या दिवसांत गच्चीवरच्या त्या निळ्या पाट्यांनी घराला एक युनिटसुद्धा दिलं नव्हतं. एसी सगळा साध्या विजेवर चालला. बिल आलं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. पण ह्यांना कोण सांगणार? येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊन दाखवायचे, "हे बघा, ह्यानं आणली माझी नात!" सपकाळे नवीन गिऱ्हाइकं घेऊन आमच्याकडं यायचे. गिऱ्हाइकानं विचारावं, "काका, पैसे वसूल झाले का?" आणि ह्यांनी छाती फुगवून सांगावं, "पहिल्याच महिन्यात." सपकाळे बिचारे आढ्याकडं बघायचे.

पुढं दर मे महिन्यात ती आली. पाच वर्षं. दर वर्षी बोटभर उंच. बऱ्हाटेबाईंच्या नातीशी तिची मैत्री झाली, तिला आमच्याकडचे शब्द यायला लागले, वांग्याचं भरीत तिला माझ्याच हातचं लागायला लागलं. मी मात्र तिच्याकडं बघताना मनात मोजायची. पाच वर्षांची ती मला दोन दिवस मिळाली. सहाची, सातची, आठची मिळालीच नाही. दात पडलेली ईरा कशी दिसायची ते मी फोटोत बघितलं. मांडीवर मावणारं पोर माझ्याकडं आलंच नाही. आलं ते माझ्या खांद्याला लागणारं.

शेवटच्या हिवाळ्यात ह्यांचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी आणलं होतं, बैठकीत खिडकीपाशी खाट टाकली होती. एका सकाळी मी पेजेची वाटी घेऊन बसले होते, तर हे म्हणाले, "अगं, माझं एक गणित चुकलं बघ."

"कसलं गणित?"

"सोलरचं. नऊ वर्षांची झाल्यावर बसवलं मी. पाचची होती तेव्हाच बसवायला पाहिजे होतं. तेव्हाही पैसे होते ना आपल्याकडं? मी परवडतं का, परवडतं का, करत बसलो. चार उन्हाळे गेले गं पोरीचे. माझ्या चिकटपणामुळं गेले."

माझ्या हातातला चमचा वाटीतच राहिला. आयुष्यभर ज्या तोंडाला कधी लगाम नव्हता, ते उघडेना.

"तुमची काय चूक त्यात?" कसंबसं म्हणाले.

"मग कुणाची?"

खिडकीतून त्यांच्या अंगावर कोवळं ऊन पडलं होतं. हेच सांगायची वेळ होती. हेमंत नव्हता, अपर्णा नव्हती, कुणी खोटं पडणार नव्हतं. आणि मी घाबरले. उरलेले चार दिवस ह्यांनी माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहू नये एवढाच स्वार्थ होता माझा.

"उन्हाची," मी म्हणाले.

ते जरासे हसले. "ऊन बिचारं काय करणार," म्हणाले. "माझीच." मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी पेज भरवली.

त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. तीन वर्षं झाली. ईरा आता कॉलेजात जाईल, रोज मला फोन करते. अजूनही एखाद्या सकाळी काम करता करता मी "अहो" म्हणून हाक मारते. पुढचं वाक्य तोंडात तयार असतं. चूक तुमची नव्हती हो, माझी होती. ते ऐकायला मात्र घरात कुणी नाही.